व्हीपीएनचे भाडे भरावे काय?

कामगार संघटनेच्या माणसाने मोबाइल आणि इंटरनेटविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते कळंबोलीच्या लोखंड बाजारात, ट्रकांच्या रांगांत आणि रात्री दिव्याखाली बसून. पण दोन वर्षांपूर्वी हा विषय आपल्या पायांनी आमच्या कचेरीत आला.

एका ठिकाणी पगाराच्या कराराची बोलणी चालू होती. आमच्या मागण्यांचा मसुदा बैठकीच्या आदल्या रात्रीच मालकपक्षाच्या हाती पडला. व्हॉट्सअॅपच्या त्या गटात समितीचे चौदाच जण होते. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "काका, आपले मोबाइल कोणीतरी वाचतंय. पैसे भरून चांगला व्हीपीएन घेऊन टाका." वर्गणीचा पैसा पाठीवर ओझी वाहणाऱ्यांचा असतो. मी पंधरा दिवसांची मुदत मागितली आणि अभ्यासाला लागलो.

व्हीपीएन म्हणजे काय, ते आपल्याच गावच्या उदाहरणाने सांगतो. न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर निघतो तेव्हा त्याला सील असते. नाक्यावरच्या माणसाला तो कुठे चालला हे कळते, आत काय आहे हे कळत नाही. इंटरनेटवरील बहुतेक व्यवहार आज असेच सीलबंद असतात. पत्त्याच्या आरंभी 'एचटीटीपीएस' दिसते ती याच सीलची खूण. तुम्ही बँकेच्या संकेतस्थळावर गेलात एवढे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला दिसते. खात्यात किती शिल्लक आहे हे दिसत नाही. व्हॉट्सअॅपच्या संदेशांना तर 2016 पासून पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत कुलूप आहे.

व्हीपीएन घेतला म्हणजे हा सीलबंद माल प्रथम एका गोदामात जातो आणि तेथून दुसऱ्या गाडीने पुढे निघतो. नाक्यावाल्याला फक्त गोदामाचा पत्ता दिसतो. माल जेथे पोहोचतो तेथेही गोदामाचीच बिल्टी दिसते, तुमची नव्हे. ही सोय खरी आहे. परंतु कोणाची गाडी कुठे गेली हे आता गोदामवाल्याला कळू लागते. जो भरवसा तुम्ही नाक्यावाल्यावर ठेवत नव्हता, तो गोदामवाल्यावर ठेवावा लागतो. पैसे मोजायचे ते या भरवशाचे. म्हणून गोदामवाला कोण आहे हे आधी पाहावे.

फुकटचे गोदाम बहुधा महागात पडते. फेसबुकने 2013 साली ओनावो ही कंपनी विकत घेतली. तिचे मोफत अॅप माहितीचे रक्षण करते असे सांगितले जाई, आणि लोक मोबाइलवर काय वापरतात याची माहिती मालकाच्या धंद्यासाठी गोळा होई. ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने 2023 साली त्याबद्दल फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून 2 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

मग पैसे भरले की निर्धास्त? तसेही नाही. आयपीव्हॅनिश ही पैसे घेणारी अमेरिकन कंपनी. आम्ही नोंदी ठेवत नाही असे ती सांगे; तरी 2016 साली तिने सरकारी तपासनीसांना एका ग्राहकाच्या नोंदी दिल्या, आणि ते 2018 साली उघडकीस आले. उलट एप्रिल 2023 मध्ये स्वीडनच्या मुलव्हाड कंपनीच्या कचेरीत पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन गेले, पण नोंदीच नसल्याने रिकाम्या हाताने परतले. जाहिरात दोघांचीही एकच होती.

आपल्या देशात सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने एप्रिल 2022 मध्ये आदेश काढला, की व्हीपीएन विकणाऱ्यांनी ग्राहकांची नावे-पत्ते पाच वर्षे जपून ठेवावेत. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी त्यावर भारतातील आपली यंत्रेच हलवली.

भावाचीही गंमत आहे. महिन्याच्या बोलीने नामांकित सेवा साधारण 10 ते 15 डॉलरला पडते. दोन वर्षांचे एकदम भरले तर महिन्याला तीन-चार डॉलरवर येते. मात्र मुदत संपली की नूतनीकरणाचा दर पुष्कळदा चढलेला असतो. हंगामी म्हणून घेऊन पुढे कमी पगारावर राबवण्याचा प्रकार आम्हाला ठाऊक आहे. इथे तो ग्राहकावर उलटा चालतो.

आपल्याकडची पुष्कळ मुले आखातात नोकरीला आहेत. घरी फोन लावायला ती सर्रास व्हीपीएन वापरतात. संयुक्त अरब अमिरातीच्या 2021 च्या कायद्याप्रमाणे गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी असे साधन वापरल्यास किमान पाच लाख दिरहॅम दंड आहे. मुलाला पैसे भरायला सांगण्यापूर्वी आईबापांनी एवढे ध्यानात घ्यावे.

आता आमचा मसुदा. कंपनीच्या वायफायवर कामगार कोणती संकेतस्थळे उघडतात हे मालकाला कळू शकते. तेथे व्हीपीएनचा उपयोग आहे, पण स्वतःच्या सिमकार्डावर तेच काम अधिक खर्चाशिवाय होते. कंपनीनेच दिलेला मोबाइल असेल तर व्हीपीएनचा काही उपयोग नाही; जेथे सील लागते तेथेच पाहणारा बसलेला असतो. आणि आमच्या बाबतीत यांतले काहीच घडले नव्हते. चौदांपैकी एकाने पडद्याचा फोटो काढून मेव्हण्याला पाठवला होता. मेव्हणा त्याच आस्थापनेत सुपरवायझर.

संघटनेसाठी व्हीपीएन घेतला नाही. पुढचा मसुदा कागदावर लिहून कपाटात ठेवला. फक्त आमचे एक सहकारी महिनाभर बाहेरगावी लॉजच्या वायफायवर काम करणार होते, त्यांच्यापुरता महिन्याच्या बोलीने घेतला. महिना संपला, बंद करायचे राहिले. पैसे कापण्याआधी 24 तास ग्राहकाला कळवले पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि तसा संदेश आलाही होता; कोणी वाचला नाही. त्या दुसऱ्या महिन्याचे पैसे मी माझ्या खिशातून भरले.