रिकामी जागा कशाला लिहायची?

‘डीडी’ ही युनिक्सची जुनी आज्ञा इमेजमधला (उपकरणावर चढवायच्या सिस्टीमच्या फाइलमधला) प्रत्येक बाइट इमानेइतबारे ईएमएमसीवर (उपकरणातल्या फ्लॅश चिपवर) उतरवते, रिकाम्या ब्लॉकमधली शून्यंसुद्धा. समजा, इमेज ४ जीबीची आहे, पण खरा मजकूर १ जीबीच. सेकंदाला २० एमबी वेगाने अख्ख्या इमेजला जवळजवळ साडेतीन मिनिटं लागतात. नुसत्या मजकुराला एका मिनिटाहून कमी. इंटेलमध्ये तयार झालेलं ‘बीमॅपटूल’ नेमकी हीच बचत करतं. इमेज बनवतानाच भरलेल्या ब्लॉकची यादी चेकसमसकट एका छोट्या एक्सएमएल फाइलमध्ये नोंदवतात. पुढे कॉपी करताना इमेजमधल्या पोकळ्या शून्यांनी भरून गेल्या तरी यादी शाबूत राहते. शिवाय मजकूर बिघडलेला असेल तर चेकसममुळे लिहितानाच कळतं, आणि हा फायदा वेगापेक्षाही मोलाचा. अँड्रॉइडची ‘स्पार्स इमेज’ भरलेल्या ब्लॉकचा हाच हिशेब स्वतःच्या पोटात ठेवते.

मेख एकच: वगळलेल्या ब्लॉकमध्ये जुना डेटा तसाच पडून राहतो. वापरलेल्या उपकरणावर इमेज चढवून ते दुसऱ्याला द्यायचं असेल, तर आधी फ्लॅश पुसून घ्यावी. आणि डीडीच वापरायची असेल, तर निदान ‘बीएस=४एम’ (एका घासाला ४ एमबी) जोडा; न सांगता ती ५१२ बाइटांचेच घास घेते.