शुक्रावर यान किती वेळ टिकते?

पहाटे पूर्वेला किंवा संध्याकाळी पश्चिमेला दिसणारी शुक्राची चांदणी लांबून शांत वाटते. प्रत्यक्षात या ग्रहाच्या पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश सेल्सिअस तापमान असते; शिसे वितळायला ३२७ अंश पुरतात. हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वदपट, म्हणजे समुद्रात ९०० मीटर खोलीवर असतो तेवढा. वर ढग आहेत ते गंधकाम्लाचे.

सोव्हिएत संघाने १९६७ मध्ये ‘व्हेनेरा ४’ पाठवले, तेव्हा हा दाब नेमका ठाऊक नव्हता. खाली पाणी असलेच तर तरंगता यावे, अशीही सोय त्याच्या कुपीत होती. पण जमीन गाठण्याआधीच तिचे संदेश थांबले. पुढे ‘व्हेनेरा ७’साठी जाड टायटॅनियमची, कितीतरी जास्त दाब सोसणारी कुपी बनवली गेली. १५ डिसेंबर १९७० रोजी ती उतरली आणि संपर्क तुटल्यासारखे वाटले. नोंदी पुन्हा तपासल्यावर २३ मिनिटांचा क्षीण संदेश सापडला. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून आलेला तो पहिला संदेश होता.

दाबावर उपाय सापडला. गोल आकारात दाब सर्व बाजूंनी सारखा विभागला जातो. उष्णता मात्र अडवता येत नाही, फक्त तिला उशीर करता येतो. म्हणून वातावरणात शिरण्यापूर्वीच कुपी थंड केली जाते. भिंतींना उष्णतारोधक थर असतो आणि आत लिथियमचा एक क्षार ठेवतात. बर्फासारखाच तोही वितळताना उष्णता शोषतो. तो पूर्ण वितळला की उपकरणे तापू लागतात. ‘व्हेनेरा १३’ अर्ध्या तासासाठी बनवले होते. १९८२ मध्ये ते १२७ मिनिटे टिकले आणि त्याने रंगीत छायाचित्रेही पाठवली.

खिडकीचाही प्रश्न असतो. १९७८ च्या अमेरिकी ‘पायोनियर व्हीनस’ मोहिमेत एका उपकरणाला चक्क हिऱ्याची खिडकी होती, कारण अवरक्त किरण आत सोडून दाबही सोसेल असे दुसरे काही मिळत नव्हते.

नेहमीच्या सिलिकॉन चिप इतक्या उष्णतेत बंद पडतात. नासाच्या ग्लेन संशोधन केंद्रात सिलिकॉन कार्बाइडचे परिपथ शुक्रासारख्या परिस्थितीत ५२१ तास चालले. थंड न करताच काम करणारी अशी यंत्रणा यानात बसवता आली, तर तासांऐवजी आठवडे मिळतील. आकाराने पृथ्वीएवढाच असलेला हा ग्रह भट्टी कसा बनला, हे समजून घ्यायला दोन तास फारच कमी आहेत.