चढणीवरील सायकल

सायकलीवर तोल सांभाळण्यास शिकणे ही एक विद्या आणि तीच सायकल चढणीवर नेण्यास शिकणे ही दुसरी विद्या होय. पहिली विद्या बहुतेक मुले सुट्टीच्या आठ-पंधरा दिवसांत, एखादा गुडघा फोडून घेऊन का होईना, हस्तगत करितात. दुसरी मात्र सहसा कोणी कोणास शिकवीत नाही. चढण चढणे हे दांडग्या माणसाचे काम आहे, त्यात शिकण्यासारखे ते काय, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज कसा चुकीचा आहे व नवशिक्याने चढणीस कसे सामोरे जावे, हे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. पण तो तसा नाही. आमच्या जिल्ह्यात कित्येक विद्यार्थी चार-पाच किलोमीटरांवरील खेड्यांतून सायकलीने शाळेस येतात. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींस सायकलीसाठी साहाय्य मिळत आले आहे. आरंभी या सायकली मोठ्या हौसेने बाहेर पडतात. पुढे काही घरी त्या पडवीत भिंतीस टेकून उभ्या राहतात. कारण विचारले तर उत्तर येते, “गुरुजी, वाटेत चढाव लागतो.” सायकल सुटली की एस.टी.ची वाट पाहणे आले. गाडी चुकली की पहिला तास बुडाला. आणि तास बुडू लागले की मुलीस घरीच ठेवावे, असा विचार वडील माणसांच्या मनात येण्यास वेळ लागत नाही. एका लहानशा चढावापायी एखाद्या मुलीचे शिक्षण अडावे, ही गोष्ट आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

प्रथम आपल्या भूमीचा विचार करू. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंचीवर आहे. वर्धा शहर सुमारे २३५ मीटरांवर. म्हणजे तिकडून इकडे येणाऱ्यास दोनशे मीटरांहून थोडे अधिक वर चढावे लागते. हे अंतर सत्तर किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. ही उंची साऱ्या वाटेवर सारखी वाटली गेली असती, तर सायकलस्वारास चढण लागल्याचे कळलेही नसते. पण आपला प्रदेश दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले व पुढे पावसापाण्याने झिजून त्यांना पायऱ्यांचे रूप आले. म्हणून आपल्याकडील रस्ता बराच वेळ सपाट चालतो आणि मग अकस्मात एखादी पायरी चढतो. नवशिक्याचा धीर खचतो तो याच पायरीवर.

आता चढणीचे गणित पाहू. वीस मीटर पुढे गेल्यावर रस्ता एक मीटर वर चढत असेल, तर त्या चढणीस ‘विसास एक’ म्हणतात. आगगाडीस अशी चढण झेपत नाही. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गावर कमाल चढण सदतिसास एक एवढीच ठेवावी लागली. मोटारींचे रस्ते याहून तीव्र असू शकतात. सपाट मुलखात साधारणतः तिसास एक ही मर्यादा योग्य मानितात; डोंगराळ भागात विसास एक किंवा त्याहून थोडी अधिक चढणही चालते. गावाकडच्या जुन्या वाटा तर असे कोणतेच नियम पाळीत नाहीत.

समजा, पन्नास किलो वजनाचा विद्यार्थी, वीस किलोची सायकल व पाच किलोचे दप्तर मिळून पंचाहत्तर किलो झाले. विसास एक चढणीवर या वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे पावणेचार किलो, इतका जोर त्यास सतत मागे खेचतो. जणू कोणी मागे दोर बांधून तेवढे वजन लोंबकळत ठेवले आहे. त्यात चाकांच्या घर्षणाचा अर्धा-पाऊण किलो मिळवावा. साध्या सायकलीस पुढे ४४ व मागे १८ दाते असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. पाय मात्र एक मीटरच्या थोडे वर फिरतो. यामुळे पायास चाकावरील जोराच्या पाचपट जोर लावावा लागतो. पावणेचार व अर्धा मिळून सव्वाचार, त्याची पाचपट म्हणजे एकवीस किलो झाले. ही झाली सरासरी. पायडल खाली जाताना तेहेतीस किलोंपर्यंतही जोर लागतो.

हेच गणित दहास एक चढणीस लाविले, तर हा कमाल जोर साठ किलोंच्या वर जातो. पन्नास किलोच्या मुलाने पायडलवर उभे राहून सारा भार टाकिला, तरी तो अपुरा पडतो. तेव्हा अशा जागी मुलगा खाली उतरला, तर त्याचा देह दुबळा आहे असे कोणी समजू नये. सायकलीचे दातेच त्या चढणीस योग्य नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

यावर उपाय निघालेला आहे. फ्रान्स देशाच्या प्रसिद्ध प्रदक्षिणा-शर्यतीत १९१० साली पिरेनीज पर्वताचे उंच घाट प्रथम घालण्यात आले. त्या काळी स्वार मागच्या चाकास दोन बाजूंना दोन निरनिराळी दातेचक्रे बसवीत व घाटाच्या पायथ्याशी उतरून चाक उलटे लावीत. चालता चालता साखळी बदलणाऱ्या गिअरची मोकळीक त्या शर्यतीत १९३७ साली मिळाली. गिअर श्रम वाचवीत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. वर चढण्याचे काम तेवढेच राहते. गिअर ते काम लहान लहान हप्त्यांत फेडण्याची सवलत देतो. ज्यांच्या सायकलीस गिअर आहे त्यांनी चढण सुरू होण्यापूर्वीच हलका गिअर घालावा. पायावर पूर्ण जोर आल्यावर घातल्यास साखळी अडखळते. ज्यांच्यापाशी साधी सायकल आहे त्यांनी दुरुस्तीवाल्याकडून मागे अठराऐवजी बावीस दात्यांची फ्रीव्हील बसवून घ्यावी. साखळीच्या कड्या थोड्या वाढवाव्या लागतील. पण पायावरील जोर पाचव्या हिश्शाच्या आसपास कमी होईल. सपाटीवर वेग थोडा घटेल. शाळेस जाणाऱ्यास त्याची खंत नसावी.

आता प्रत्यक्ष चढण्याची रीत सांगतो. नवशिक्याची पहिली चूक अशी की, चढण दिसताच तो जीव खाऊन धावतो व अर्ध्यावर दम तोडतो. सपाटीवर वेगाने जाताना वारा अडवितो. चढणीवर अडविते ते वजन. म्हणून चढणीवर वेग अर्धा केला, तर दर मिनिटाचे श्रमही जवळजवळ अर्धे होतात. आरंभीच इतके सावकाश चालावे की, शेजारच्या सोबत्याशी एक पुरते वाक्य बोलता यावे. वाक्य तुटू लागले की वेग अधिक झाला असे समजावे. तोल राहील त्याहून मात्र हळू जाऊ नये.

दुसरी गोष्ट सीटची. सीट फार खाली असली तर गुडघा सदा दुमडलेला राहतो व मांडी लवकर भरून येते. पायडल सर्वांत खाली असता गुडघ्यास किंचित बाक राहील, इतकी सीट उंच असावी. टाच नव्हे, चवडा पायडलवर ठेवावा. हात हँडलवर सैल असावेत. मुठी आवळल्याने चढण कमी होत नाही, खांदे मात्र दुखतात. दप्तर पाठीवर न घेता कॅरिअरला घट्ट बांधावे. चाकांत हवा पुरेशी आहे की नाही व साखळीस तेल आहे की नाही, हे घरून निघतानाच पाहावे. दृष्टी माथ्यावर न ठेवता पुढच्या दहा-पंधरा मीटरांवर ठेवावी. चढ तीव्र होईल तेथे चार-सहा फेरे उभे राहून मारावेत व पुन्हा बसावे. उभ्याने देहाचा भार कामी येतो, पण दमही लवकर लागतो. मोकळ्या पाणंदीत नागमोडी चालल्याने चढण सौम्य होते. वाहनांच्या रस्त्यावर मात्र हा प्रयोग कदापि करू नये.

दम संपला तर मागे पाहून, कडेस घेऊन, निमूटपणे उतरावे व सायकल हाती धरून चालावे. यात लाज कसली? आज विजेच्या खांबापर्यंत गेलो, तर पुढील आठवड्यात पुढच्या खांबापर्यंत जावे. आठवड्यातून तीन-चार वेळा असा सराव केल्यास एक-दोन महिन्यांत फरक दिसू लागतो. उपाशीपोटी मात्र निघू नये. दोनशे मीटर चढण्यास देहाचे जे अन्न खर्ची पडते, ते एका भाकरीच्या आसपास असते. परंतु ती भाकर पोटात असावी लागते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा पाण्याची बाटली जवळ ठेवून सकाळीच चढण उरकावी.

जो चढतो त्यास उतरावेही लागते, आणि अपघाताचे भय चढणीपेक्षा उतारावर अधिक. वेग वाढण्यापूर्वीच दोन्ही ब्रेक मिळून हळूहळू दाबावेत. नुसता पुढचा ब्रेक एकदम दाबिल्यास स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. पावसात ओल्या रिमवर ब्रेक उशिरा धरितो, म्हणून तेव्हा वेग निम्मा ठेवावा. शर्यत लाविणे, डबलसीट घेणे व हात सोडणे हे तिन्ही प्रकार उतारावर वर्ज्य समजावेत.

आपल्या प्रांतास या विद्येचे वावडे नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्यास ‘घाटांचा राजा’ म्हणून गौरविण्याची प्रथा आहे. आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका खंड आडवा ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत बारा दिवसांच्या मुदतीत एकट्याने पुरी केली. त्या वाटेत रॉकी पर्वताच्या रांगा लागतात. असा दीर्घ प्रवास एका झपाट्याने होत नसतो. पायडलचा एकेक फेरा मोजीतच तो होतो.

आमच्या विद्यार्थ्यांस व विशेषतः विद्यार्थिनींस आमचे सांगणे एवढेच की, पडवीत टेकलेली सायकल बाहेर काढा. सीट नीट करून घ्या, साखळीस तेल घाला व उद्याची चढण आजच्यापेक्षा एक खांब पुढे न्या. आणि पालकांस आमची विनंती आहे की, मूल घामाघूम होऊन आले तर त्यास प्रथम पाणी द्यावे. ते कोठे उतरले हे विचारण्यापेक्षा कोठवर चढले हे विचारावे.