केसपेपरवर नसलेली गोळी

दर १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, लाल फिती लागतात, फेऱ्या निघतात. पण एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या औषधांवर, वर्षानुवर्षं ठणठणीत असलेला माणूस पाय मोडून ऑर्थोपेडिक वॉर्डात दाखल होतो, तेव्हा त्याच्या त्या गोळीचं काय होतं, हे एड्स दिनाच्या भाषणांत कुणी विचारत नाही.

बरेचदा ती गायबच होते. केसपेपरवर शुगरची गोळी असते, बीपीची असते, एआरटी नसते. ती वॉर्डातून नाही, एआरटी सेंटरमधून मिळते. शेजारच्या खाटेवर कळू नये म्हणून रुग्ण बाटली पिशवीच्या तळाशी ठेवतो. ऑपरेशनच्या आदल्या रात्री ‘एनबीएम’ (तोंडाने काही द्यायचं नाही) असा शेरा पडला, की गोळी राहिली. घोटभर पाण्याबरोबर ती बहुधा देता येते, पण आधी कुणाला तरी विचारावं लागतं. हिपॅटायटिस बी सोबत असेल तर प्रश्न आणखी गंभीर. एआरटीतली टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन त्या विषाणूलाही दाबून ठेवतात. ती अचानक थांबली तर यकृताचा आजार उसळू शकतो.

आता माझ्या आवडत्या खलनायकाकडे येतो: ॲसिडिटीचं पांढरं सिरप. आपल्याकडे ते दिल्याशिवाय ॲडमिट झाल्यासारखंच वाटत नाही. त्यातलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डोल्युटेग्राविर या एआरटीच्या औषधाला पोटातच बांधून टाकतं आणि औषध रक्तात पुरेसं पोचत नाही. म्हणून डोल्युटेग्राविर सिरपच्या २ तास आधी किंवा ६ तासांनी घ्यायची. हाडासाठी दिलेल्या कॅल्शियमचंही तेच, फक्त जेवणाबरोबर दोन्ही एकदम चालतात. ॲसिडिटीच्याच पॅन्टोप्राझोल गोळीचं डोल्युटेग्राविरशी भांडण नाही, पण रुग्ण अटाझानाविर या दुसऱ्या एआरटी औषधावर असेल तर आहे. ‘गॅसचं काहीतरी द्या’ एवढ्यावर भागत नाही ते यामुळे.

टीबीच्या वॉर्डात रिफाम्पिसिन सुरू झालं की डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लागते, आणि रिफाम्पिसिन संपल्यावरही २ आठवडे. डिस्चार्ज कार्डावर दुसरा डोस राहून गेला, तर घरी कुणाला कळणार? उलटी चूकही होते. डोल्युटेग्राविरमुळे क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसतं, मूत्रपिंड बिघडलेलं नसतानाही. तो आकडा पाहून कुणी घाईने सगळंच बंद करतं.

गोपनीयतेचं कारण पुढे केलं जातं. ते मला अर्धंच पटतं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, उपचारासाठी गरज असेल तेव्हा उपचार करणारा एक आरोग्यसेवक दुसऱ्याला ही माहिती देऊ शकतो. खाटेवर पाटी लावणं गैरच. पण औषधांच्या तक्त्यावर गोळीचं नाव न लिहिणं ही गोपनीयता नव्हे, हेळसांड आहे.

उपाय महागडा नाही. लिव्हरपूल विद्यापीठाचं एचआयव्ही औषधांच्या परस्परक्रिया तपासायचं संकेतस्थळ फुकट आहे, निवासी डॉक्टरच्या मोबाइलवर उघडतं. फार्मासिस्टला मात्र खिडकीमागून उठवून राउंडला न्यायला हवं. दाखल होतानाच्या औषधांची यादी त्याच्या नजरेखालून गेली, तर यातल्या बऱ्याच चुका पहिल्याच दिवशी सापडतील.

तोवर ज्यांच्या घरी ही औषधं चालू आहेत त्यांनी एवढं करावं: दाखल होताना बाटली आणि एआरटीचं पुस्तक सोबत न्यावं, ड्युटीवरच्या डॉक्टरला बाजूला घेऊन दाखवावं, आणि गोळीचं नाव तक्त्यावर चढलं की नाही ते स्वतः पाहावं.