मस्तिष्काघाताची सूचक लक्षणे

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा रोहिणीत गुठळी अडकून खंडित झाल्यास किंवा रोहिणी फुटून रक्तस्राव झाल्यास त्या भागाचे कार्य एकाएकी बिघडते. या विकारास मस्तिष्काघात म्हणतात. त्यामुळे शरीराची एक बाजू लुळी पडल्यास त्या अवस्थेस पक्षाघात वा अर्धांगवायू अशी संज्ञा आहे [⟶ पक्षाघात]. मुंबईत २००५-०६ मध्ये केलेल्या नोंदणीत सु. ८०% रुग्णांत आघाताचे कारण रक्तपुरवठ्यातील अडथळा हे होते. अतिरिक्त रक्तदाब, मधुमेह, तंबाखूसेवन व हृदयाचे अनियमित ठोके हे घटक धोका वाढवितात.

लक्षणे : आकस्मिकता हे सर्व लक्षणांचे समान वैशिष्ट्य होय. चेहरा, हात किंवा पाय यांत, विशेषतः एकाच बाजूस, अशक्तपणा वा बधिरपणा येणे. बोलणे अडखळणे किंवा दुसऱ्याचे बोलणे न समजणे. दिसेनासे होणे वा एक वस्तू दोन दिसणे. तोल जाणे आणि अकारण तीव्र डोकेदुखी ही प्रमुख लक्षणे होत.

रुग्णास हसावयास सांगावे, दोन्ही हात समोर उचलून धरावयास लावावे व एक सोपे वाक्य म्हणवून घ्यावे. तोंड वाकडे होणे, एक हात खाली घसरणे अथवा उच्चार अस्पष्ट होणे यांपैकी एकही चिन्ह संशयास पुरेसे असते. वेदना बहुधा नसल्याने ‘झोपेने बरे वाटेल’ असा समज होतो; तो घातक ठरतो. लक्षणे काही मिनिटांत नाहीशी झाली, तरी पुढील ४८ तासांत मोठ्या आघाताचा धोका विशेष असल्याने तपासणी टाळू नये.

तातडीची उपाययोजना : मोठी रोहिणी बंद झाल्यास दर मिनिटाला सु. १९ लाख तंत्रिका कोशिका नष्ट होतात, असा अंदाज आहे. गुठळी विरघळविणारे औषध योग्य रुग्णांस सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. काही निवडक रुग्णांत रोहिणीतील गुठळी नलिकेद्वारे २४ तासांपर्यंत काढता येते. रक्तस्रावात गुठळी विरघळविणारे औषध अपायकारक असल्याने आधी मेंदूचे सीटी चित्रण आवश्यक असते. म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर यांसारख्या नगरांतील कुटुंबांनी असे चित्रण व उपचार अहोरात्र कोठे मिळतात, याची माहिती आधीच करून घेणे हितावह ठरते. कल्याण–कर्जत मार्गावरील गाडीत किंवा कारखान्यात लक्षणे उद्‌भवल्यास रुग्ण शेवटी केव्हा पूर्ववत होता, ती वेळ सोबत्यांनी टिपून ठेवावी. उपचाराची मुदत तेव्हापासून मोजली जाते. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. रुग्णास अन्न, पाणी वा ॲस्पिरीन देऊ नये. तेलाचे मर्दन, कबुतराचे रक्त चोळणे यांसारख्या उपायांत वेळ दवडल्यास टाळता येण्याजोगे अपंगत्व कायमचे होऊ शकते.