एक भोपळा, दोन नावे

आश्विनात जबलपूरच्या बाजारातून भोपळा घरी येतो. बाजारात तो ‘कुम्हडा’ असतो. मराठी घराचा उंबरठा ओलांडताच त्याचा ‘भोपळा’ होतो. सन १८१७ पर्यंत हे शहर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते; येथील मराठी वस्ती जुनी. परंतु मुलांचे सवंगडी हिंदी बोलणारे. मग मराठी शब्द त्यांच्या ओठी यावेत कोठून? वाचकहो, या भोपळ्यापासूनच आरंभ करून पाहा.

चिरण्याचे काम आपण करावे. बिया वेचण्याचे मुलांवर सोपवावे. त्या धुऊन दोन-तीन दिवस उन्हात वाळवाव्या. भोंडल्याच्या पाटावर खडूने हत्ती रेखून द्यावा. सोंड, सुळे, शेपूट अशी नावे घेत मुलांनी त्यावर बिया मांडाव्या. भोपळ्याचा कीस गुळात शिजवून कणकेत मळावा, घारगे तळावे आणि खिरापत म्हणून ते ओळखावयास लावावे. चार बिया कुंडीत पेराव्या. आठवड्याभरात अंकुर दिसू लागतो. रात्री, लेकीकडून भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगावी. वाघ आडवा आला, की मुले त्याला मराठीतूनच चकवतील!

उद्या तेच मूल बाजारात कुम्हडा मागेल आणि घरी येऊन भोपळा म्हणेल. दोन्ही नावे त्याचीच आहेत.