परदेशी पाहुण्यांना मुळशी दाखवताना

परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांना सुट्टीत मायदेशी बोलवायचं, भाषेचे धडे द्यायचे, देवळं-राजवाडे दाखवायचे. चिनी समाजाने हा उद्योग फार नेटाने केला. तैवानने १९६७ मध्ये अशी उन्हाळी अभ्याससहल सुरू केली. अमेरिकेतल्या तैवानी घरांत तिला ‘लव्ह बोट’ म्हणू लागले. सकाळी लिपीचा तास आणि संध्याकाळी ओळखीपाळखी, हे आईबापही जाणून होते. आपल्या भाषेतला जावई मिळाला तर वाईट काय!

आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा ‘नो इंडिया’ कार्यक्रमही याच जातीचा. मॉरिशस, फिजी, सुरिनाम, त्रिनिदादकडची तरुण मुलं येतात, विमानभाड्याचा मोठा वाटा सरकार उचलतं. त्यांत मॉरिशसची मराठी मुलंही असू शकतात. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांचे हे वंशज घरात बोलतात क्रिओल, पण गणपती दणक्यात बसवतात, तिथे त्याची सरकारी सुट्टी असते.

अशा मुलांना आपण नेतो कुठे? शनिवारवाडा, फार तर सिंहगड. मी म्हणेन, एक दिवस मुळशीला न्या. पौडजवळ खुबवलीच्या डोंगरावर महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ पासून आहे, तेव्हा देशोदेशीची तरुण मुलं या भागाला नवी नाहीत. पण दाखवायचं आहे ते पुढे, धरणाच्या काठावर.

मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण आखलं. मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांना वीज हवी होती. पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने काढून कोकणात भिरा इथे सोडायचं, त्या उतारावर जनित्रं फिरवायची. भिऱ्याचं वीजकेंद्र १९२७ च्या सुमारास चालू झालं. या योजनेत मावळातली पन्नासेक गावं, त्यांतली भाताची खाचरं, गेली. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह पुकारला. पांडुरंग महादेव बापट पुढे झाले आणि याच लढ्यातून ते ‘सेनापती’ झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या जोडीला होते. बायका कामाच्या जागी ठाण मांडून बसल्या, तुरुंगातही गेल्या. १९२४ पर्यंत लढा रेटला, धरण मात्र झालंच. जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हणून अभ्यासक त्याचं नाव घेतात. आपल्या शालेय पुस्तकांत त्याला मिळालेली जागा पाहिली तर राग यावा.

बापट स्वतः शिष्यवृत्तीवर एडिंबरोला शिकायला गेलेले. पॅरिसमध्ये ते बाँबची विद्या शिकले, आणि परत येऊन शेतकऱ्यांसोबत उभे राहिले. परदेशातून आलेल्या तरुणाला सांगण्यासारखी गोष्ट याहून कुठली?

आणखी एक. पाहुण्या मुलाला पूर्वजांचं गाव निदान नकाशावर दाखवता येतं. त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या मुळशीच्या मुलाच्या पणजोबांचं शेत मात्र तलावात आहे. या दोघांची गाठ घालून द्यावी, त्यांना मोकळं बोलू द्यावं. मार्गदर्शकाने तेवढा वेळ तोंड मिटून बसावं.

अडचण एकच, वेळापत्रकाची. अमेरिका-युरोपाकडून येणाऱ्या मुलांची उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आपला जून ते ऑगस्ट. ताम्हिणी घाटात तेव्हा पाऊस कोसळत असतो, तलाव भरत असतो आणि उन्हाळ्यात पाणी ओसरून उघडी पडलेली त्या गावांची जमीन पुन्हा बुडते. ती पाहायची तर मे महिन्यातच यावं लागेल, आणि मे महिन्यात त्यांच्या परीक्षा असतात!